अनोळखी माणूस चर्चच्या दारात आला तर: पाहुणचाराचा क्रम

पाहुणा ओळखीचा असला की आपल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांना, पाहुणचार शिकवावा लागत नाही. अनोळखी कुटुंब गाठोडी घेऊन फाटकाशी उभं राहिलं की मात्र दोनपैकी एक होतं. एक तर ‘पास्टर साहेब नाहीत’ म्हणून त्यांना वाटेला लावलं जातं. नाहीतर सगळी मंडळी एकदम तुटून पडते. कुणी जुने कपडे आणतं, कुणी फोटो काढतं, कुणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करतं. रात्री दहा वाजता कळतं की अंथरायला सतरंजी नाही आणि संडासाची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात गावाला गेली.

‘मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं’ हे मत्तय २५:३५ मधलं येशूचं वचन सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ होतो तो कशानंतर काय करायचं यात, म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. यात लहान मंडळी गृहीत धरली आहे: एक हॉल, एक पाळकगृह, वीस-पंचवीस घरं आणि जेमतेम अर्पण.

## पायरी १: येणारा कोण, हे माणूस येण्याआधी समजून घ्या

सगळे पाहुणे सारखेच, हे मनात ठेवा. कायद्यासमोर मात्र ते सारखे नसतात, आणि तिथे गफलत झाली तर त्रास पाहुण्याला होतो.

आपल्या मराठवाड्यात दारात येणारे साधारण असे असतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात पेशंट ॲडमिट आहे आणि नातेवाईक व्हरांड्यात झोपताहेत. दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्याकडे निघालेली किंवा हंगाम अर्धवट सोडून परत निघालेली ऊसतोड जोडपी. जालन्याच्या स्टील कारखान्यांत आणि वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आलेले मध्य प्रदेश, झारखंड, बिहारचे मजूर. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव-बीडकडे झालं तसं पुराने घर नेलेलं कुटुंब. आणि क्वचित परदेशी विद्यार्थी किंवा आश्रय मागणारा परदेशी माणूस.

यातला शेवटचा सोडला तर बाकी सगळे या देशाचे नागरिक आहेत. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून पेटलेल्या हिंसाचारात घर गमावलेलं कुटुंब आलं तरी ते कायद्याने निर्वासित ठरत नाही. ते आपल्याच देशात विस्थापित झालेले नागरिक आहेत. त्यांना पासपोर्ट विचारणं हा अपमान आहे, आणि तो होताना दिसतो. बंगाली बोलणारा गवंडी बांगलादेशीच, हाही तसलाच अंदाज. मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी देशभर कामाला जातात.

परदेशी माणसाचं वेगळं आहे. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड जवळ असलं तरी ते व्हिसाची जागा घेत नाही. त्याला मुक्कामी ठेवलं तर २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते, जिला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. पूर्वीचे परदेशी नागरिकांविषयीचे कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे. तेव्हा नोंदीची आजची पद्धत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात आधीच विचारून ठेवा. पाहुणा दारात उभा असताना नाही.

सावध: नोंद करणार आहोत हे परदेशी पाहुण्याला मुक्कामाआधी, स्पष्ट शब्दांत सांगा. लपवून ठेवणं आणि लपवून कळवणं, दोन्ही विश्वासघातच.

## पायरी २: जागा, पाणी, कडी

पहिल्यांदा हॉल मोजा. आपत्ती मदतकार्यात माणशी ३.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा धरतात. १० बाय १५ची संडे स्कूलची खोली म्हणजे चार माणसं. ‘दाटीवाटीने दहा जण बसतील’ हे लग्नाच्या पंगतीला ठीक आहे, रात्रीच्या झोपेला नाही.

पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरा: पिणं, स्वयंपाक, अंघोळ मिळून. एप्रिल-मेमध्ये जिथे टँकर आठवड्याने येतो तिथे हा आकडा जड वाटतो. म्हणून किती माणसं ठेवता येतील हे हॉलवरून ठरवण्याआधी टाकीवरून ठरवा. पाच माणसांना तीन रात्री म्हणजे सव्वादोनशे लिटर, एक मोठा ड्रम भरून. तो वेगळा भरलेला नसेल तर त्या आठवड्यात हॉल देऊ नका, एखाद्याच्या घरी सोय करा.

मग कडी. खोलीला आतून लावता येणारी कडी आहे का? बहुतेक हॉलना फक्त बाहेरून कुलूप असतं. परक्या गावात, परक्या आवारात, बाईला आतून बंद न होणाऱ्या दारामागे झोप लागत नाही. तीस-चाळीस रुपयांची कडी आहे, सुताराला बोलवा. संडासापर्यंतच्या वाटेवर एक बल्ब लावा.

आता पेटी. एक पत्र्याची ट्रंक घ्या आणि तीत एवढंच ठेवा: चार चादरी, दोन सतरंज्या, दोन टॉवेल, बादली-मग, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, मोबाईलचा चार्जर, आणि एक कोरी वही. जुने कपडे यात घालू नका. कपाटात नको झालेलं सगळं काढायला ‘गरजूंना मदत’ हा चांगला बहाणा असतो, आणि फाटक्या चुडीदारांचा ढीग शेवटी हॉलच्या कोपऱ्यात उंदरांना जातो.

तपासा: आज रात्री साडेनऊला कुणी आलं तर किल्ली कुणाकडे आहे? दोन नावं पटकन सांगता आली नाहीत तर पुढे वाचण्याआधी हे मिटवा.

## पायरी ३: तीन माणसं नेमा, समिती नेमू नका

समितीची बैठक रविवारी असते. पाहुणा मंगळवारी येतो.

पहिली व्यक्ती यजमान. पाहुण्याशी बोलणारी हीच, आणि सगळे निरोप हिच्यामार्फत. पाहुण्यांत बाई असेल तर यजमान बाईच हवी, महिला मंडळातली एखादी ठाम मावशी. दुसरी व्यक्ती स्वयंपाक आणि सामान पाहणारी. तिसरी कागद आणि पैसा पाहणारी. पास्टर किंवा फादर या तिघांत नसलेले बरे. त्यांना अंत्यविधीला नाहीतर दुसऱ्या गावच्या उपासनेला जावंच लागतं, आणि सगळं त्यांच्यावर असलं की ते गेल्याबरोबर सगळं थांबतं.

पैशासाठी अर्पणातून वेगळी रक्कम बाजूला काढा आणि खर्चाला दोन सह्या ठेवा. परदेशातल्या मित्राने ‘निर्वासितांसाठी’ म्हणून पैसे पाठवायचं मनावर घेतलं तर आधी थांबवा. परकीय देणगी नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी नसेल तर मंडळीला ते घेता येत नाहीत, आणि सेक्रेटरीच्या वैयक्तिक खात्यात घेतले तर गोष्ट आणखी बिघडते.

जवळच्या पोलीस ठाण्याला लेटरहेडवर एक साधं पत्र आधीच देऊन ठेवा: आमच्या हॉलमध्ये अधूनमधून अडचणीतल्या लोकांना दोन-तीन रात्री ठेवलं जाईल, संपर्क अमुक. पोचसह प्रत फाईलला लावा. गल्लीत कुणी ‘तिथे काय चाललंय’ म्हणून बोभाटा केला की हा एक कागद कामाला येतो.

## पायरी ४: पहिला तास

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून थोडं सावकाश.

उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात अब्राहाम तीन परक्यांना पाहतो. तो काय करतो ते ओळीने बघा. आधी पाय धुवायला पाणी. मग झाडाखाली टेकायला जागा. मग भाकर. ते जेवत असताना तो स्वतः बाजूला उभा राहतो. तुम्ही कुठले, कुणाचे, का आलात, यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडी नाही.

आपल्याकडेही उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची रीत आहेच. तीच करा. क्रम असा: पाणी, बसायला सावली, हातपाय धुणं, संडास कुठे आहे ते दाखवणं, मग जेवण. विचारपूस त्यानंतर.

लांबून चालत आलेल्याला किंवा जुलाब झालेल्याला नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट द्या. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लेकराला बाधतं. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतोय तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर ओले कपडे ठेवा, १०८ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

जेवणाबद्दल एकच प्रश्न विचारा: ‘काय चालत नाही?’ ‘काय आवडतं?’ विचारलं तर परका माणूस संकोचाने ‘काहीही’ म्हणतो आणि पुढ्यात न चालणारं आलं की उपाशी झोपतो. पहिल्या रात्री साधं वरण-भात आणि भाकरी. आपली येसर आमटी कितीही झकास असली तरी झारखंडहून आलेल्या थकल्या माणसाच्या रिकाम्या पोटाला ती नको. मटण करून मान द्यायची हौसही पहिल्या रात्री आवरा. हलालचा प्रश्न असतो, कुणाचा उपास असतो, कुणी खातच नाही.

मग विचारपूस. नाव विचारा, आडनाव विचारू नका. ओट्यावर दुसरा प्रश्न आडनावाचा का असतो हे इथे कुणाला सांगायला नको, आणि पाहुण्यालाही ते कळतं. वहीत पहिल्या दिवशी चारच गोष्टी लिहा: नाव, किती माणसं, कुठे जायचं आहे, औषध कुठलं चालू आहे. घर का सोडलं हे विचारू नका. सांगायचं असेल तर तिसऱ्या दिवशी चहा घेताना आपोआप निघतं, नाहीतर निघत नाही.

सावध: फोटो नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज आपल्या मंडळीने...’ नाही. नवऱ्याच्या मारातून, मुकादमाच्या माणसांपासून किंवा दंगलीतून सुटून आलेल्याचा ठावठिकाणा त्या एका फोटोने फुटतो. नवीन मोबाईल घेतलेल्या तरुण संघाला हे बजावून सांगा.

## पायरी ५: त्याच संध्याकाळी ओळखायच्या तीन गोष्टी

बाकी सगळं उद्यावर ढकला. हे तीन ढकलू नका.

सोबत पालक नसलेलं मूल. याला ‘राहू दे दोन दिवस आपल्या लेकरांत’ म्हणून ठेवायचं नाही, हेतू कितीही चांगला असो. १०९८ला फोन करा. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे असं मूल सापडल्याचं २४ तासांच्या आत बालकल्याण समिती, पोलीस किंवा चाइल्डलाइनला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं गुन्हा आहे. माणसं येईपर्यंत मुलाजवळ दोन मोठी माणसं बसवा, एकटं कुणी नको.

मारहाणीतून आलेली बाई. १८१ ही महिला हेल्पलाइन. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकत्र मिळते. तिच्या परवानगीशिवाय माहेरी किंवा सासरी फोन लावू नका. ‘नवऱ्याशी एकदा बोलून बघतो’ म्हणणारे वडीलधारे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना चहा द्या आणि बसवून ठेवा.

उचल फिटली नाही म्हणून पळून आलेला कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी घेतलेली उचल अंगावर असली की मुकादम किंवा त्याची माणसं शोधत येतात. आपण मध्यस्थी करून ‘हप्त्याने फेडतील’ असा शब्द द्यायचा नाही. तो शब्द पुढे त्या जोडप्याच्याच गळ्यात पडतो. डांबून ठेवलं, जबरदस्तीने राबवलं असं दिसलं तर वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ खाली जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. मुकादम फाटकाशी आलाच तर यजमानाने एवढंच म्हणावं: ‘तहसीलदार साहेबांकडे अर्ज दिलाय, तिकडे बोला.’ आणि ११२ हाताशी ठेवा.

## पायरी ६: मुदत सांगा, पहिल्याच सकाळी

हे बोलायला सगळ्यांना जड जातं. ‘आलेल्याला कधी जाणार विचारायचं?’ पण मुदत न सांगितल्याने पाहुणा रोज आपल्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधत बसतो, आणि आठव्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ती कडवटपणे बाहेर पडतेच. पहिल्या शतकाच्या आसपासच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या ‘डिडाखे’ या पुस्तिकेतही वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवावं आणि राहायचंच असेल तर त्याने काम करून जेवावं, असा नियम आहे.

माझं मत: तीन रात्री सरळ द्या. तिसऱ्या दिवशी तिघा नेमलेल्यांनी पाहुण्यासोबत बसून पुढचं ठरवा. आणखी लागणार असेल तर नवी तारीख ठरवून द्या, ‘बघू’ नको. घाटीतल्या पेशंटच्या नातेवाइकांना डिस्चार्जपर्यंत मुदत द्यायला हरकत नाही, पण तिथेही दर आठवड्याला एकदा बोलणं व्हावं.

बोलायचं ते असं: ‘ताई, रविवारपर्यंत ही खोली तुमचीच आहे. शनिवारी संध्याकाळी पुढचं मिळून ठरवू.’ एवढ्याने माणूस पाय पसरून झोपतो.

पाहुण्याने झाडलोट करू म्हटलं, पोळ्या लाटू म्हटलं तर करू द्या. ‘नाही नाही, तुम्ही बसा’ असं तिसऱ्या दिवशीही म्हणत राहिलात तर त्याचं ओझं वाढतं. मात्र जेवणाच्या बदल्यात आवाराची खुरपणी करून घेणं वेगळं. ती मजुरी आहे, पैसे मोजा.

## पायरी ७: तीन दिवसांत काय हलवायचं

पहिल्या दिवशी झोप आणि डॉक्टर. दुसऱ्या दिवशी कागद. तिसऱ्या दिवशी पुढची वाट.

रुग्णालयाचं काम असेल तर स्वतः डॉक्टरांच्या मागे पळू नका. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र काउंटरवर बसतात. पाहुण्याला त्या दोन टेबलांपर्यंत पोचवणं हे आपलं काम. वॉर्डात दहा जण जाऊन मोठ्याने प्रार्थना करणं हे नाही, सिस्टर हाकलतात आणि बरोबर करतात.

रेशन कार्ड गावाकडचं असलं तरी ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदार ‘तुमच्या गावाला जा’ म्हणाला तर पाहुण्यासोबत आपला माणूस उभा असावा. अर्ध्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. ६ ते १४ वयाचं मूल असेल आणि मुक्काम लांबणार असेल तर जवळच्या शाळेत न्या. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर अंगणवाडीताई आणि आशाताईंना निरोप द्या.

सावध: कुणाचंही मूळ कागदपत्र ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून घेऊ नका. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं, आणि काम झालं की ती प्रत फाडा.

## पायरी ८: वचन आणि प्रार्थना कुठे बसते

यावर मंडळीत वाद होतात, म्हणून माझी बाजू उघड सांगतो. मदतीच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. जेवणाआधी पाहुण्याला डोळे मिटायला लावायचे नाहीत. आपण आपल्या ताटावर रोजची छोटी प्रार्थना करावी, जशी घरी करतो तशी, आणि जेवावं. रविवारच्या उपासनेला ‘याल ना?’ असं विचारायचंही नाही. ज्याच्या छपराखाली आपण झोपलो आहोत त्याला नाही कसं म्हणणार? तो आमंत्रणाच्या वेषातला हुकूम होतो.

काही जण म्हणतात, मग ख्रिस्ती मदत आणि इतर मदत यात फरक काय राहिला? लूकच्या १०व्या अध्यायातला, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा शोमरोनी बघा. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, एक रात्र सोबत, दुसऱ्या दिवशी दोन दिनार आणि ‘जास्त लागलं तर परत येताना देईन’. जखमी माणसाचा धर्म त्याने विचारलेला नाही, आपला सांगितलेलाही नाही. येशूने ‘जा आणि तूही तसंच कर’ म्हटलं ते या यादीकडे बोट दाखवून.

पाहुण्याने स्वतः प्रार्थना मागितली तर करा, त्याच्याच शब्दांत मागितलेल्या गोष्टीसाठी, दोन मिनिटांत. तो ख्रिस्ती असेल, ओराँव किंवा मुंडा आदिवासींच्या मंडळीतला असेल आणि त्याने स्वतःच्या भाषेत गाणं म्हणू का विचारलं, तर हार्मोनियम काढून द्या. आणि मुसलमान पाहुण्याला नमाजासाठी खोलीचा स्वच्छ कोपरा आणि वजूला पाणी द्या. आवारात तेवढी जागा असते.

## पायरी ९: निरोप

तिकीट आदल्या दिवशी काढा. महाराष्ट्रात जायचं असेल तर एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटाची आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे, पण वयाच्या सवलतीला ओळखपत्र लागतं. नांदेड, परभणी, जालन्याहून लांबच्या गाडीला जनरलचं तिकीट हातात ठेवून सोडू नका, डब्यात बसवून या. ८ मे २०२० ला जालन्याहून घराकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. घरी जायला साधन नसलेला माणूस काय करतो, हे आपल्या जिल्ह्यांना माहीत आहे.

सोबत थोडी रोख रक्कम पाकिटात द्या, चारचौघांत नाही. वाटेसाठी धपाटे द्या: ज्वारी, बेसन, थोडी कणीक, लसूण, तीळ. दह्यात न भिजवता पाण्यात मळलेले आणि कडक भाजलेले दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी कोरडी, वेगळ्या पुडीत. कांदा आख्खाच द्या, चिरून नको.

यजमानाचा एकच फोन नंबर कागदावर लिहून द्या. ‘पोचलात की मिस कॉल द्या’ म्हणा. आला नाही तर एकदा आपण करावा, त्यापुढे पाठपुरावा नको.

## पायरी १०: मागची आवराआवर

त्याच दिवशी चादरी उन्हात, ट्रंक भरून, किल्ली जागेवर. आठ दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब मंडळीपुढे ठेवा: किती माणसं, किती रात्री, किती रुपये. नावं आणि हकिकत वाचायची नाही, कुणी विचारलं तरी. वहीतलं औषधाचं पान फाडून जाळा. आणि ओआरएसची पाकिटं मोजा, तीच सगळ्यात आधी संपलेली असतात.